राक्षसाला दिलेला आवाज

डांबराच्या गोळ्यांचा वास आला की सावेडीतल्या फ्लॅटमधली ती दुपार आठवते. मी तेव्हा एका कॉम्प्युटर गेमचे आवाज तयार करत होतो. भुयारात उतरायचं आणि राक्षस मारायचे, असा तो गेम. महिनाभर खटपट करूनही माझा राक्षस सर्दी झालेल्या माणसासारखाच बोलायचा. त्याच आठवड्यात खर्डा गावचे माझे चुलते दवाखान्यातल्या तपासणीसाठी आमच्याकडे आले. घशाच्या ऑपरेशननंतर त्यांचा आवाज खरखरीत, फाटका झाला होता. मी म्हणालो, "काका, गेममधल्या राजाचं बोलणं तुम्ही बोलाल का?" राजाचं, हे मी खोटं सांगितलं; आवाज हवा होता राक्षसासाठी. ते हरखले. बाहेरचा गोंगाट नको म्हणून कपाटातली, डांबराच्या गोळ्यांचा वास मारणारी गोधडी डोक्यावर घेऊन घामाघूम होईपर्यंत ओरडले. "अजून एकदा घे, ह्यो बरा न्हाई आला," असं स्वतःच म्हणाले. मी तो आवाज संथ केला, घुमवला, आणि कंपनीत माझी पाठ थोपटली गेली. दिवाळीत खर्ड्याला गेलो, तेव्हा त्यांच्या नातींनी हट्टाने माझ्याच लॅपटॉपवर तो गेम लावला. राक्षस मरताना किंचाळला की पोरी खिदळायच्या. चुलते दाराशी थबकले. "ह्यो मीच हाय न्हवं?" त्यांनी विचारलं. मी घाईने गेमचा आवाज कमी केला. "राजा म्हनला हुतास तू," एवढंच बोलून ते बाहेर गेले. आता खर्ड्याला फोन केला की काकूच बोलतात. "शेजारीच बसल्यात," त्या सांगतात, "तू बोल, ते ऐकत्यात." मग मी एकटाच बोलत राहतो.