तोटीची तक्रार

सातवीनंतर माझी शाळा सुटली. मराठी शाळा होती ती. कन्नड एक विषय होता, त्यातली अक्षरं तेवढी माझ्यापाशी राहिली. दुकानाची पाटी वाचते, बसची वाचते. मोठं वाक्य आलं की अर्ध्यात दम लागतो. अफजलपूरला मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला लागून आठ वर्षं झाली, तरी त्यात फरक नाही.

माझं गाव औराद तालुक्यात. इथून निघायचं तर आधी गुलबर्गा, मग बिदर, मग औराद, पुढं जीप मिळाली तर मिळाली. आख्खा दिवस जातो. गावी माय एकटी. आमची ओणी, म्हणजे गल्ली, गावाच्या खालच्या अंगाला, बुद्ध विहाराच्या मागं. ओणीत एकच नळ. एका सकाळी त्याची तोटी तुटली. पाणी वाया जायलंय म्हणून वॉटरमननं पायपात लाकडाची खुट्टी ठोकली आणि वर चिंधी गुंडाळली. वाया जायचं थांबलं, यायचंही थांबलं.

माय मग शाळेपलीकडच्या हातपंपावर जायला लागली. तिचा गुडघा आधीच धरलेला. एकदा उतारावर घागरीसगट बसली. हे तिनं नाही, शेजारच्या मावशीनं मला सांगितलं. त्या दिवसापासून सकाळी भाकरी थापताना माझ्या डोळ्यांपुढं तो उतारच असायचा. पंचायतीच्या मेंबरला माय दोनदा भेटली. "बघू की," म्हणाला. दोन्ही वेळा तेवढंच.

मग मावशीनं एक फोटो पाठवला. पंचायतीच्या भिंतीवर कागद लागला होता. तक्रार आता मोबाईलवरच्या ॲपमधून करायची, ऑफिसात यायची गरज नाही. खरं सांगते, मला फार बरं वाटलं. इतक्या लांब बसून मायसाठी काही करता येईल, असं पहिल्यांदाच कुणीतरी म्हणत होतं.

दुपारची भांडी झाल्यावर कोठीत पोत्यावर बसले आणि ॲप उघडलं. पहिल्यांदा नाव मागितलं. तिथंच बोट थांबलं. कुणी तक्रार केली हे गावात लपत नाही. मी इथं, बोलणी मायनं खायची. तिला फोन लावला.

"माझंच नाव लिही," ती म्हणाली. "पाणी मागायलोय आपण, कुणाचं शेत न्हाई मागायलो."

पुढं तक्रार लिहायची होती, ती कन्नडात. नळाच्या तोटीला कन्नडात काय म्हणतात ते मला येत नव्हतं. पण आमच्या गावची कानडी माणसंसुद्धा माझ्याशी बोलताना तोटीच म्हणायची. मला वाटलं, शब्द त्यांचाच असेल. शिवाय कन्नडात जोडाक्षरं फार, असं शाळेपासून डोक्यात बसलेलं. म्हणून मी टला ट जोडला आणि लिहिलं, 'नम्म ओणियल्लि तोट्टी इल्ल.' आमच्या ओणीत तोट्टी नाही. तीनदा वाचलं. चूक काही दिसली नाही. स्वयंपाकघरात माझ्याबरोबर इथलीच एक अक्का आहे, कानडी. तिला दाखवायला पाहिजे होतं. पण रोज तिला काय काय विचारायचं, म्हणून लाज वाटली.

सोबत फोटो लागत होता. मावशीनं काढून पाठवला. त्यात चिखल, प्लॅस्टिकच्या पिशव्या, शेवाळलेला ओटा. खुट्टी एका कडेला, बघणाऱ्याला दिसली तर दिसायची.

त्यानंतर रोज ॲप उघडून बघायचं. अनोळखी नंबर वाजला की वाटायचं, पंचायतीतून कुणीतरी विचारेल, तू कोण लागून गेलीस? बाराव्या दिवशी मेसेज आला. तक्रारीपुढं हिरवी खूण, काम झालं. खाली विचारलं होतं, तुम्ही समाधानी आहात का? मी हो दाबलं. पाच चांदण्या होत्या, पाचही दाबल्या. 'तुमचे उपकार आहेत' असं मराठीत लिहून टाकलं. मग मायला फोन केला.

"आली व्हय तोटी?"

"आली की," माय म्हणाली. "हिरवीगार हाय. झाकण हाय तिला. खाली चाकं बी हायत."

मला काही उमजेना. मागून मावशी ओरडली, "तिला इचार, घागर झाकणाखाली धरू का चाकाखाली?" ओणीतल्या बाया खदाखदा हसल्याचं फोनमधून ऐकू आलं. त्या हसण्यातून मला कळलं की नळाच्या ओट्यापाशी कचऱ्याचा मोठा डबा आणून ठेवलाय. हसणं संपल्यावर माय हळू आवाजात म्हणाली, "आपण पाणी मागितलं होतं बाई."

मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात गेले.

अक्काला सांगितलं तेव्हा ती पीठ चाळत होती. हसून हसून चाळणी खाली ठेवली. "अय्यो तंगी," म्हणाली. तंगी म्हणजे धाकटी बहीण. "तोट्टी म्हंजे कसाचा, कचऱ्याचा डबा. नळाला नल्ली म्हणायचं. मला कामून विचारली न्हाईस?" माझं तोंड बघून तिचं हसू गेलं. हात पुसून माझ्याजवळ बसली.

फोटोतल्या त्या कागदावर पंचायतीचा नंबर होता. भीत भीत लावला. कॉम्प्युटरवरच्या माणसानं उचलला. मी कन्नडात सुरुवात केली तर तो मराठीतच बोलला.

"ताई, तोटी म्हंजे मला कळतंय की. आमच्या घरी बी तोटीच म्हणतेत. पण तक्रार जाते वर तालुक्याला. तिथले साहेब मैसूरकडचे. त्यांनी वाचलं, त्यांनी डबा दिला."

"मग आता तोंडी सांगते, तुम्ही लिहून घ्या."

"तोंडी चालत न्हाई आता. तिला नंबर पडत न्हाई. आणि जुनी तर बंद झाली, तुम्हीच समाधानी म्हणलात न."

त्याच्यावर रागावता येईना. त्याच्या आवाजात तिरसटपणा नव्हता, थकवा होता. नवी तक्रार टाका, म्हणाला, नंबर मला कळवा, मी वॉटरमनच्या कानावर घालतो. मी दोनदा आभार मानले. एवढं करून आपण पुन्हा पहिल्या पायरीवर, आणि मायचा गुडघा तसाच.

दुसरी तक्रार अक्कानं लिहिली. नल्ली, असं स्पष्ट. फोटोसाठी मावशीला सांगितलं, चिंधी सोड, खुट्टीवर बोट ठेव आणि मग काढ. किती दिवस गेले ते या वेळी मोजले नाहीत. मोजायची ताकद नव्हती. मधे एकदा मनात आलं की काम सोडून गावी जावं, आपणच पाणी भरावं. पण इथली भाकर सोडली तर तिथं चुलीवर काय ठेवायचं?

एका सकाळी भाजी चिरत होते तर मायचाच फोन आला. ती कधी स्वतःहून करत नाही. मी घाबरूनच उचलला.

"काय झालं गं माय? पडलीस का?"

"न्हाई. कामून पडू?" मागं पाण्याचा आवाज होता, भांड्यांचा होता. "प्लॅस्टिकची बसवलीय. बारीक धार हाय, पण यायलंय पाणी."

"घागर भरलीस का तू?"

"एक भरली. आता ठेव फोन. मागं बाया खोळंबल्यात."