ओवशाची सुपं

मी तेव्हा रत्नागिरीत कारकुनी करायचो. सुट्टी मिळाली की संगमेश्वराकडच्या आमच्या गावी यायचो, पण खरं सांगायचं तर घरच्यांपेक्षा देवराईतल्या किड्यांसाठी. ऐंशीनंतरची ती वर्षं. बोटीवरच्या मामेभावाने आपला जुना कॅमेरा मला दिला आणि मी कामातून गेलो. देवराईत अनवाणी शिरायचं, पान तोडायचं नाही, वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, हे सगळं मी पाळायचो. आई म्हणायची, लोकांची पोरं पोरी बघतात, आमचा मुंगळे बघतो.

त्या गणपतीत धाकट्या बहिणीचा पहिला ओवसा होता. नवी सून गौरीपुढे सुपं ओवाळते तो ओवसा, आणि त्याला गौर पावसाच्या पूर्वा नक्षत्रातच यावी लागते. लग्नानंतरचे दोन गणपती तसेच गेले, यंदा योग आला होता. सुपं माहेरची लागतात. वडील नव्हते, म्हणजे ती नेणार मी. तिच्या सासरी ओवसा दुपारच्या नैवेद्याआधी होतो, हेही मला पक्कं ठाऊक होतं. आईने पाच कोरी सुपं बांधून दिली आणि म्हणाली, कॅमेरा ठेवून जा. मी म्हटलं, अगं, ओवशाचे फोटो नकोत का? आणि तो गळ्यात अडकवून निघालो.

तिचं सासर डोंगरापलीकडे, वाट देवराईतून. थोडा आत गेलो आणि कडेच्या झुडपावर खंडोबाचा घोडा, तो पुढचे पाय जोडून बसणारा हिरवा किडा, कात टाकताना दिसला. उलटा लटकून जुन्या कातडीतून एकेक पाय सोडवत होता. असं काही मी जन्मात पाहिलं नव्हतं. म्हटलं, दोनच फोटो घेऊ. पण उजेड कुठे होता? मग माझी अक्कल बघा. कोरं सूप पांढरंफटक असतं. एक सोडवलं आणि झाडीतून येणाऱ्या कवडशात असं टेकवलं की उजेड उलटून किड्यावर पडला. मग दुसरं लावलं, मग तिसरं. गौरीची सुपं मी चिखलात उभी केली आणि वर स्वतःवर खूश झालो. लाज म्हणून नाही.

रोल संपला तेव्हा भानावर आलो. ऊन डोक्यावर आलं होतं. वाटेतल्या पऱ्याच्या पाण्यात सुपांचा लाल चिखल धुतला आणि धावत सुटलो. तो फोटो फार चांगला आला. मी तो भिंतीवर कधी लावला नाही.

पोचलो तेव्हा नैवेद्य होऊन गेला होता. बहिणीच्या जावेने सांगितलं, सासूबाईंनी खूप वाट पाहिली, दोनदा माणूस वळणापर्यंत धाडला, शेवटी माळ्यावरची आपली जुनी सुपं काढून दिली. बहिणीने त्या सुपांनीच ओवसलं. सासू मला चार शब्द सुनावेल असं वाटलं होतं. सुनावले असते तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली की दमलात, हातपाय धुवा.

बहीण पाण्याचा तांब्या घेऊन आली. पाणी घालायच्या आधी ती वाकून माझी पावलं नीट बघायला लागली, पुढून, मागून.

"जनावर-बिनावर चावलं नाही ना रे दादा?"

नाही म्हटलं. कॅमेरा गळ्यात होता, तो मी हाताने झाकला.

"ओवसताना सगळ्या म्हणत होत्या, पहिला ओवसा आहे, काय मागायचं ते मागून घे. मला काही सुचेचना. म्हटलं, माझा दादा धड येऊ दे." मग डोळे पुसून हसली. "पावली हो गौर मला."

आणि माझं पान वाढायला आत गेली.