शंभराव्या रेघेचा गूळ
कुठं सरकीचा वास आला की मला गूळ आठवतो. निजामाचं राज्य होतं तेव्हा मी तेरणा नदीच्या काठी, कापसातली सरकी काढायच्या एका जिनिंगमध्ये यंत्राला कापूस घालायची. फाटकाच्या आतल्या भिंतीवर मॅनेजर रोज संध्याकाळी खडूची एक रेघ ओढायचा. कुणाला इजा न होता गेलेल्या दिवसाची ती रेघ. हैदराबादचा साहेब तपासणीला आला की आधी त्या रेघा मोजायचा. शंभर भरल्या की प्रत्येक बाईला ओंजळभर गूळ मिळणार होता, आणि महायुद्धाच्या लढाईमुळं गूळ तर नजरेला पडत नव्हता. शंभराव्या दिवशी दुपारी माझ्या शेजारच्या बाईची चार बोटं यंत्राच्या रुळांनी ओढून घेतली. पांढऱ्या कापसावर रक्ताची चिळकांडी उडाली, हाडं चुरडल्याचा आवाज त्या खडखडाटातही ऐकू आला. मॅनेजर धावत येऊन ओरडला, "आधी हिला फाटकाभायेर काढा! रस्त्यावर लागलं म्हणून सांगू!" त्यानं तिला दंडाला धरून फरफटत नेलं. तिनं चांगल्या हातानं फाटक घट्ट धरलं. "अवं, आधी हात तरी बांधा माझा!" ती किंचाळत होती. फाटकावरची तिची बोटं मीच एकेक करून सोडवली. त्याच हातानं तिनं मला अशी थोबाडीत मारली की ओठ फाटला. संध्याकाळी शंभरावी रेघ ओढली, गूळ वाटला. फाटक्या ओठानं मी तो तिथंच खाल्ला. आता या वयात खोटं कशाला बोलू, लई गोड लागला.