पोतंभर नारळ आणि ॲन्युअल डे

पार्टी संपली की खुर्च्या टेंटवाल्याकडे परत जातात, फुगे पोरं पळवतात, उरलेली मिठाई कोणीतरी डब्यात भरून नेतं. किस्से मात्र कोणी नेत नाही. ते आमच्याच गळ्यात पडतात!

आम्ही म्हणजे मेश्राम मॅडम आणि मी, सुमेध. दिल्लीत, मुनिरक्यातल्या एका खोलीत आमचं ऑफिस. छोट्या कंपन्यांच्या स्टाफ पार्ट्या करून देतो. माझी शाळा नववीतच सुटली आणि चारचौघांत बोलायला मी अजून लाजतो. पण कमी पैशात पार्टी कशी रंगवायची, ते मला विचारा!

गेल्या वर्षी काम फारच कमी झालं. मॅडमच्या दादांचा नागपूरहून फोन आला, "बस झालं आता. दुकान बंद कर आणि माझ्या क्लासेसच्या ऑफिसात येऊन बस."

मॅडम म्हणाल्या, "नोएडाच्या पंपवाल्या कंपनीचं वर्षभराचं काम मिळालं तर इथेच राहीन. नाही मिळालं तर येते."

कंपनीने आधी एकेक सुटं काम देऊन बघायचं ठरवलं. पुढचे सगळे किस्से त्या एका कंपनीचे.

*

पहिल्याच मीटिंगला तिथल्या एचआरच्या रितू मॅम म्हणाल्या, "बजट तो नहीं है जी, बस फील फाइव-स्टार की चाहिए।"

मॅडम म्हणाल्या, "बिल्कुल! फील तो हम फ्री में देते हैं।"

पार्टी कंपनीच्याच गच्चीवर ठेवली. दिल्लीत पाहुणे आधी पनीर टिक्क्यावर तुटून पडतात, म्हणून जिन्याच्या तोंडाशीच गोलगप्पेवाला उभा केला. मॅडमचा हिशोब सरळ होता: "पोटात पाणी गेलं की पनीर वाचतं!"

जेवणाच्या वेळी मालक मल्होत्रा सर थक्क झाले. "रितू, स्टाफ डाइटिंग पर है क्या?"

*

टेंटवाल्याशी भाव करायला मॅडमनी मला पाठवलं. त्याने रेट सांगितला. मला म्हणायचं होतं की फार होतात, पण शब्दच फुटेना. मी नुसता त्याच्याकडे बघत राहिलो.

"अच्छा चलो, कनात फ्री।"

मी तसाच बघत राहिलो.

"यार, कूलर भी ले जा, पर ऐसे मत देख!"

तेव्हापासून भाव करायला मीच जातो. मॅडमची सूचना एकच असते. "बोलू नकोस हं!"

*

दिवाळीच्या गिफ्टसाठी ब्लँकेट घ्यायला पानिपतला निघालो, तर मॅडम म्हणाल्या, "तिथून मराठी माणूस जिंकून आला, असं एकदा तरी होऊ दे रे!"

मी जिंकूनच आलो. उत्तम माल, निम्म्या भावात! कंपनीत गठ्ठा उघडला, तेव्हा भाव निम्मा का होता ते कळलं. प्रत्येक बॉक्सवर सोनेरी अक्षरांत छापलं होतं, "शुभ विवाह".

रितू मॅमचा चेहरा पडला. मल्होत्रा सर बॉक्स उलटसुलट करून बघत होते. तेवढ्यात चाळिशीला टेकलेले अविवाहित अकाउंटंट त्यागीजी पुढे आले आणि बॉक्स छातीशी धरून म्हणाले, "सर, पहली बार किसी ने मेरे बारे में सोचा!"

सर हसले. आम्ही सुटलो.

*

वाढदिवसांचं आम्ही ठरवलं होतं, महिन्याला एकच केक आणि त्यावर सगळ्यांची नावं. जुलै आला आणि रितू मॅम ओरडल्या, "आधी कंपनी पहली जुलाई को पैदा हुई है!"

इकडच्या शाळांत मास्तरांनी नाव घालताना हीच तारीख लिहिलेली.

"आमच्याकडे एक जून लिहितात," मॅडम मला म्हणाल्या आणि केकवर लिहून घेतलं, "आप सब".

*

मग ॲन्युअल डे आला. वर्षभराच्या कामाचा निर्णय सर त्याच दिवशी सांगणार होते. ट्रॉफ्या बजेटमध्ये बसेनात. मॅडम म्हणाल्या, "आपल्याकडे सत्कार कसा करतात? शाल आणि नारळ!" मी पोतंभर नारळ आणले.

कंपनीच्या अंगणात पहिलं नाव पुकारलं, त्यागीजी. सरांनी त्यांना शाल घातली. मी सरांच्या हातात नारळ दिला. पण सरांना नारळ माहीत होता तो नव्या मशीनपुढे फोडायचा! त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलला आणि दगडी पायरीवर आपटला.

पाणी थेट सरांच्या शर्टावर. 

मॅडमनी माझा दंड धरला. "गेलं रे काम, सुमेध. माझं नागपूरचं तिकीट काढ."

तेवढ्यात त्यागीजी म्हणाले, "सर, मेरा वाला मैं फोड़ूँ?" उत्तराची वाट न बघता त्यांनी पोत्यातून नारळ उचलला, "जीएसटी!" असं ओरडले आणि आपटला.

मग ज्याच्या त्याच्या डोकेदुखीच्या नावाने नारळ फोडायला रांगच लागली. सेल्सवाला ओरडला, "टारगेट!" ड्रायव्हर ओरडला, "ट्रैफिक जाम!" रितू मॅमनी सँडल काढून ठेवल्या आणि सगळ्यात जोरात ओरडल्या, "बजट!"

शेवटी सर पुन्हा पोत्यापाशी आले. नारळ घेतला, पायरीवर आपटला आणि ओरडले, "बैंक!"

 मग अख्खं अंगण टाळ्या वाजवायला लागलं.

सर ओला शर्ट झटकत आमच्याकडे आले. "मैडम, पूरे साल का काम आपका। बस, नारियल ज़्यादा मँगवाना।"

मॅडमनी हात जोडले. सर वळले, तशा त्या माझ्या कानाशी आल्या.

"एखादा उरलाय का रे? मलाही 'नागपूर!' ओरडायचंय."