कुंकू लावलेलं इंजेक्शन

साथीच्या त्या दिवसांत दादासाठी सारं शहर पालथं घालून इंजेक्शन मिळवलं, तर वहिनीने ते आधी देवापुढे ठेवलं आणि खोक्यावर हळदकुंकू वाहिलं.

"वहिनी, औषध आहे ते, नवी स्कूटर नाही," मी वैतागलो.

हॉस्पिटलच्या दारात डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "या आजारावर हे अजून सिद्ध झालेलं नाही. गुण येईल, कदाचित उलटेलही. देऊ ना?"

वहिनी माझ्याकडे बघत राहिली. मी डॉक्टरांकडे.

"द्या," शेवटी तीच म्हणाली.

डॉक्टर खोकं घेऊन वळले, दाराशी थबकले आणि त्यांनी ते कपाळाला लावलं. फेसशील्डवर टक् असा आवाज झाला.

औषध कुठे संपतं आणि नवस कुठे सुरू होतो, हे आम्हाला कळत नसलं तरी त्या पांढऱ्या पोशाखातल्या माणसाला नक्की कळत असणार, अशा भरवशावर मी इतके दिवस उभा होतो.

काचेच्या दारापलीकडून त्यांनी एकदा वळून पाहिलं. फेसशील्डवर, बरोबर कपाळासमोर, वहिनीचं कुंकू लागलं होतं.

तेव्हा मी खरा घाबरलो.