गुलब्यासाठी खाली केलेली पिकप

"चार पाटे काढून टाका मिस्त्री, गाडी आपोआप खाली बसंल," असं म्हणत विलास स्वतःच जॅक ओढत घेऊन आला.

मी जॅक त्याच्या हातातून काढून घेतला. लोणावळ्यातलं हे गॅरेज माझं आहे. इथे जॅक कधी लावायचा ते मी ठरवतो.

विलास वडिवळ्याचा. पिकपमधून भाजी आणि तांदूळ पिंपरीच्या मार्केटला नेतो. गाडी खाली करून, मोठ्याने गाणी लावून भुशीच्या रस्त्यावर फिरणारी पोरं माझ्याकडे येतात आणि मी त्यांना दारातूनच वाटेला लावतो. विलासचं कारण वेगळं होतं. त्याच्या वडिलांचा, म्हणजे आबांचा, शर्यतीचा बैल गुलब्या गाडीत चढत नव्हता. मागच्या हंगामात फळीवरून त्याचा पाय घसरला, गुडघा सोलवटला. तेव्हापासून पिकप दिसली की तो मागे सरायचा. गाडी खाली आली की फळीचा चढ कमी होईल, असा विलासचा हिशेब.

"शर्यतीत बैल पळवायचा घाट पार कार्ल्याच्या पलीकडं हाय," विलास म्हणाला. "हायवेनं चालवत न्यायचा तर पोचंस्तवर दमतोय. मग पळनार काय? आबा म्हनत्यात, या यात्रेच्या शर्यतीला न्हाई चढला तर इकायचा. व्यापारी बघून बी गेलाय."

"आणि मावशी काय म्हणतात?"

"आई बोलतच न्हाई कुनाशी. बाटलीनं दूध पाजून वाढवलाय तिनं त्याला."

मी बजेट विचारलं. "नवं काय बी घ्यायचं न्हाई," एवढंच उत्तर आलं.

आता पाटा म्हणजे काय ते सांगतो. पिकपच्या मागच्या चाकांच्या आसावर पोलादी पट्ट्या एकावर एक रचलेल्या असतात, त्यांना वर वळलेला बाक असतो. त्या बाकाला आम्ही कमान म्हणतो. सगळा माल त्या कमानीवर पेलला जातो. पट्ट्या काढल्या की गाडी खाली बसते हे खरं, पण मग माल भरला की चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, थेट आसावर आपटते. दुसरी स्वस्त युक्ती म्हणजे गॅसने तापवून पाटा सरळ करायचा. त्यात पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं आणि पाटा एखाद्या खड्ड्यात तुटतो. हे दोन्ही उद्योग मी करत नाही.

"मग काय करनार?"

"पट्ट्या आहेत तेवढ्याच ठेवायच्या. फक्त कमान थोडी सपाट करायची, न तापवता. पण एक लक्षात ठेव, गाडी खाली आली की माल कमी भरायचा."

"आवं, मग धंदा?"

"धंदा पाहिजे का बैल?"

विलासने डोकं खाजवलं आणि व्हय म्हणाला. कशाला व्हय, ते मी विचारलं नाही.

पाटे उतरवून मी तळेगावला एका पाटेवाल्याकडे घेऊन गेलो. त्याने एकेक पट्टी ऐरणीवर धरून थंड ठोकली. घाई करू नको असं मी दहा वेळा सांगितलं. शेवटी तो वैतागून म्हणाला, "घन तुमीच मारता का?" मग मी बाहेर जाऊन चहा प्यायलो. पाटे परत बसवले आणि मोजायची टेप लावली. फाळका, म्हणजे माल ठेवायच्या हौद्याचं मागचं झडप, चांगला चार बोटं खाली आला होता. मी स्वतःवर खूश होतो. कमी खर्चात, नियमात, आरटीओच्या पासिंगला कुणी बोट ठेवणार नाही असं काम झालं होतं.

चाचणीला मी मुद्दाम वडिवळ्याला गेलो. फळी लावली. मावशी दावं धरून हौद्यात उभ्या राहिल्या, आबा मागून चुचकारत होते. गुलब्या फळीवरून दोन पावलं ऐटीत आला. मला वाटलं, जमलं. त्याने पुढचा पाय हौद्यात टेकवला आणि पायाखाली निखारा आल्यागत तो मागे उडी मारून खाली उतरला.

पुन्हा केलं. पुन्हा तेच.

"जाऊ द्या मिस्त्री," आबा म्हणाले. "तुमी केलं तेवढं लय झालं. मी त्या व्यापाऱ्याला फोन लावतो."

मावशींनी दावं हाताला आणखी एक वेढा घालून घट्ट धरलं.

मला राग आला होता. बैलाचा, आबांचा आणि सगळ्यात जास्त माझ्या टेपचा. "फोन नंतर करा," मी म्हटलं. "अजून एकदा आणा त्याला."

या वेळी मी बैलाकडे बघितलंच नाही. गाडीकडे बघत राहिलो. गुलब्याचा पाय हौद्यात पडला, आणि त्याच क्षणी मावशींनी मोकळ्या हाताने बाजूचा कठडा पकडला.

बैल परत खाली. मी विचारलं, "मावशी, कठडा का धरला?"

"गाडी बसती की रं खाली. यात्रंतल्या पाळण्यात पोटात गोळा येतो, तसं व्हतं मला."

मी वर चढलो, फाळक्यावर उभा राहून दोन-तीनदा दणदण उड्या मारल्या. हौदा खाली जाऊन वर येत होता. पाट्याचं कामच ते. आम्हा गाडीवाल्यांना ते जाणवत नाही, पण एकदा घसरलेल्या बैलाच्या पायाखालची जमीन सरकली तर तो कशाला पुढे येईल? त्याला उंचीचं भय नव्हतंच. आम्ही सगळे उंचीशी भांडत बसलो होतो.

"विलास, सरपणातले दोन जाड ओंडके आण."

हौद्याच्या मागच्या टोकाखाली, दोन्ही बाजूंना, ओंडके उभे करून पाचरी ठोकल्या. पुन्हा उड्या मारल्या. हौदा ढिम्म हलेना. "मावशी, आता कठडा न धरता उभ्या राहा," मी म्हटलं.

गुलब्याने पाय ठेवला. थांबला. खाली वास घेतला. दुसरा पाय ठेवला. मग मागचे दोन्ही एकदम वर आले आणि तो हौद्यात मावशींच्या समोर उभा राहिला. मावशींनी त्याच्या कपाळाला कपाळ लावलं. "लबाड हाय रं तू," म्हणाल्या आणि रडायला लागल्या. आबांनी फोन खिशात टाकला.

गॅरेजमागच्या भंगारातून मी पाइपात पाइप सरकेल अशा दोन घोड्या बनवल्या. घोडी म्हणजे गाडीखाली लावायचा टेकू. त्या नटबोल्टने चासीला बसवल्या. बैल चढवताना, उतरवताना खाली सोडायच्या, चालताना वर अडकवायच्या. यात्रेला गुलब्या पिकपमधून गेला आणि रुबाबात उतरला. त्याची बारी, म्हणजे शर्यतीतली धाव, नंबरात आली नाही, याचं वाईट फक्त विलासला वाटलं.

पुढच्याच आठवड्यात तो परत दारात हजर.

"मिस्त्री, भाजी भरली की मागनं घासती. जरा वर करून देता का?"

"देईन. घोड्या मात्र राहू दे."

तेव्हापासून कुणी पिकप खाली करायला आणली की मी आधी टेप काढत नाही. विचारतो, "चढणार कोण आहे?"