दाराबाहेर काढलेला फोटो

माझी शाळा चौथीत सुटली, पण फोटोच्या बाबतीत मला कोणी शिकवावं हे मी कधी चालवून घेतलं नाही. तालुक्याच्या गावी चाळीस वर्षं माझा स्टुडिओ होता. आता अमेरिकेत, टेक्ससमधल्या प्लेनो गावी मुलीकडे असतो. इथेही जावई मोबाइल काढून फोटो घ्यायला लागला की मी त्याला हाताने बाजूला सरकवतो. तर नातीच्या शाळेतून बोलावणं आलं तेव्हा मी कोटाला स्वतः इस्त्री केली.

नात सातवीत आहे. तिच्या टीचरबाई स्वतः काळ्या. इकडे एके काळी काळ्यांची आणि गोऱ्यांची दारं वेगळी, नळ वेगळे, बाकं वेगळी, हे त्या मुलांना जुन्या वादकांचे फोटो दाखवून शिकवत होत्या. मग मुलांना सांगितलं, घरात एखाद्या वादकाचा फोटो असेल तर आणा. नातीने माझा सनईवाला निवडला.

हा म्हातारा आमच्याकडच्या लग्नांत सनई वाजवायचा. त्याच्या वस्तीला आम्ही तेव्हा जे म्हणायचो ते आज माझ्याने लिहवत नाही. पन्नासेक वर्षांपूर्वीचा फोटो. माझ्या हातून निघालेला सगळ्यात चांगला चेहरा, असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत आलो. भारतातून येताना तो धोतरात गुंडाळून आणला.

आदल्या दिवशी नातीने विचारलं होतं, "आजोबा, हे बाहेर का उभे आहेत? स्टुडिओ तर आत होता ना?"

मी म्हटलं, बाहेर उजेड चांगला होता. तिने ते लगेच वहीत इंग्रजीत लिहून घेतलं.

बाईंची शिकवायची रीत मला आवडली. फोटो मोठा करून फळ्यावर लावायचा, त्यावर कागदाचे तुकडे चिकटवायचे आणि एकेक काढत जायचं. नात शेजारी बसून मला हळूच मराठीत सांगत होती. आधी एका ट्रम्पेटवाल्याचा फोटो होता. नुसते हात दिसले, मग चकचकीत बूट, मग चेहरा. शेवटचा कागद निघाला तर मागे कचऱ्याचे डबे आणि हॉटेलच्या स्वयंपाकघराचं दार. संध्याकाळभर तो आत गोऱ्यांसाठी वाजवायचा, पण समोरच्या दाराने त्याला आत जाता येत नव्हतं. बाई प्रत्येक फोटोला एकच विचारत होत्या, फोटो काढणारा कुठे उभा आहे?

मग माझा फोटो लागला. सनई दिसली, चेहरा दिसला, पोरं पुढे वाकून बघू लागली. मी कोट ओढून नीट बसलो. मग पाय दिसले. नुकते धुतलेले, ओले. शेवटचा कागद निघाला आणि त्याच्या मागे माझ्या स्टुडिओचं उघडं दार दिसलं. आत मखमली खुर्ची, रिकामी, आणि वर जळता दिवा. घरी हा भाग फ्रेमच्या पुठ्ठ्याखाली असतो. पुठ्ठा मीच तसा कापला होता. नातीने स्कॅन करायला फोटो फ्रेममधून काढला, हे मला ठाऊक नव्हतं.

एका मुलीने विचारलं, खुर्ची रिकामी का? नात उभी राहिली आणि वहीतलं वाचलं: बाहेर उजेड चांगला होता, माझे आजोबा एक्सपर्ट आहेत. मागच्या बाकावरचा एक मुलगा काहीतरी बोलला. नातीने मला त्याचं मराठी केलं, पण आवाज उतरला होता. उन्हाने त्यांचे डोळे मिटलेत, मग उजेड चांगला कसा?

बरोबर होतं त्याचं. भर दुपारच्या उन्हात चेहरा काढू नये हे मला पहिल्या वर्षापासून माहीत होतं.

तो म्हातारा त्या दिवशी शेजारच्या हापशावर पाय धुऊन आला होता. म्हणाला, साहेब, एक खुर्चीतला काढा. आत नवरदेवाकडची माणसं होती. ती नसती तरी मी त्याला आत घेतलं नसतं. पाटी लावायची कधी गरज पडली नाही, गावाला ठाऊक होतं. मी म्हटलं, भिंतीशी उभा राहा. तो राहिला. फोटो न्यायला मात्र तो परत आला नाही. विसरला असेल, असं मी म्हणायचो.

नात माझ्याकडे बघत उभी होती. सगळ्या वर्गासमोर तिने माझ्या शब्दावर विसंबून उत्तर दिलं होतं.

मी म्हटलं, "पोरी, मी खोटं सांगितलं तुला. त्याच्या जातीमुळे मी त्याला आत घेतलं नाही."

ती हळूच म्हणाली, "आजोबा, हे इंग्रजीत सांगू? नक्की?"

"सांग."

तिने सांगितलं. मोजून दोन वाक्यं.  बाईंनी मान हलवली. नात खाली बसली, तेव्हा खुर्ची माझ्यापासून जराशी लांब घेतली होती.

घरी आल्यावर ती फोटोखाली लावायची चिठ्ठी लिहायला बसली. वादकाचं नाव विचारलं. मला माहीत नव्हतं. तिने त्या ओळीवर फक्त एक रेघ मारली. मी म्हटलं, मग खाली माझंही नाव नको.

"नाही आजोबा," ती म्हणाली. मान वर केली नाही. "फोटो कोणी काढला ते लिहायचंच असतं."

आणि तिने माझं नाव पूर्ण लिहिलं, आडनावासकट.